भिशी कुणाच्या जिवावर चालते

बायका जात्याच मिळूनमिसळून वागतात, असं आपल्याकडे म्हणतात. बायकांचं बायकांशी कधी पटत नाही, असंही म्हणतात. दोन्ही वाक्यं एकाच तोंडून एकाच दिवशी ऐकायला मिळतात आणि बोलणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. पहिलं बचत गटाच्या मेळाव्यात भाषणाला उपयोगी पडतं, दुसरं घरातल्या भांडणाला. दोन्हींच्या तळाशी समजूत एकच, की कोण किती सहकार्य करणार हे जन्मतःच ठरलेलं असतं. ही समजूत तपासायची तर स्वभावावरची चर्चा थोडी बाजूला ठेवून एखादा व्यवहार उलगडून पाहावा. भिशीइतका सोयीचा व्यवहार दुसरा नाही, कारण तिला ना कागद लागतो, ना कायदा, ना साहेबाची सही.

बारा जणी, महिन्याला हजार रुपये. तारीख बहुधा पाच ते दहाच्या मधली, म्हणजे घरात पगार आलेला असतो आणि किराणा-दूधवाला अजून पुरता भागलेला नसतो. पैसे जमले की ज्यांना अजून भिशी लागलेली नाही त्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालायच्या, एखाद्या लहान पोराला एक उचलायला लावायची. नाव निघेल तिला बारा हजार. पुढच्या महिन्यात तिची चिठ्ठी डब्यात नसते, हप्ता मात्र चालू राहतो. बारा महिन्यांत बारा जणींना एकेकदा रक्कम मिळते आणि भिशी संपते.

आता हिशेब. पहिल्याच महिन्यात जिला लागली तिनं हजार भरून बारा हजार उचलले, म्हणजे तिला अकरा हजारांचं बिनव्याजी कर्ज मिळालं. शेवटच्या महिन्यात जिला लागली तिनं अकरा महिने बाकीच्यांना बिनव्याजी पैसे वापरायला दिले. तिनं तेच हजार रुपये बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले असते तर साडेसहा टक्क्यांनी चारशे-सव्वाचारशे रुपये व्याज आलं असतं. बाकीच्या अकरा जणींना एकटीनं साठवायला जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा लवकर बारा हजारांचा आकडा गाठता येतो, हा भिशीचा खरा फायदा. शेवटचीला तोही नाही. तरी शेवटची बाईही पुढच्या वर्षी पुन्हा भिशी लावते.

मोडायची जागा उघड आहे. लवकर रक्कम उचललेली बाई पुढचे हप्ते का भरेल? कोर्टात जाता येत नाही. म्हणून जुन्या भिश्यांचे नियम ऐकले की ते सगळे या एकाच भोकाला लावलेली ठिगळं आहेत हे कळतं. नव्या बाईचा नंबर पहिल्या वर्षी शेवटी. तिला आणणारी तिची जामीन. हप्ता चुकला तर आधी तिच्याकडे जायचं. काही ठिकाणी पहिली रक्कम भिशी चालवणारीचीच असते, पण त्या बदल्यात मध्येच कुणी गळाली तर तो हप्ता तिनं भरायचा. हप्ता एवढाच ठेवायचा की जो कुणाला न विचारता घरखर्चातून काढता येईल. माणसं बारा-पंधराच्या पुढे न्यायची नाहीत, कारण वीस महिन्यांची भिशी म्हटली की तेवढ्या काळात कुणाची बदली होते, कुणी घर बदलतं, कुणाच्या घरी मोठं आजारपण निघतं. एकीनं दोन नावं लावायची नाहीत; लावली तर ती गळाली की भोक दुप्पट. आणि रक्कम त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर मोजून द्यायची. पैसे एका घरात रात्रभर राहिले की त्या घरात नेमकी त्याच रात्री कुणाला तरी गरज निघते.

सगळ्यांत नाजूक नियम नंबर बदलण्याचा. ‘ताई, पोराची फी भरायचीय, या महिन्याची मला द्या की’ असं कुणी म्हटलं तर नाही म्हणणं जड जातं. पण दर महिन्याला जिला सर्वांत जास्त नड तिला रक्कम द्यायची म्हटलं, तर पुढे हप्ते भरायला जिला सर्वांत अवघड जाणार ती सर्वांत आधी पैसे घेऊन मोकळी होते. म्हणून शहाणी भिशी एवढंच म्हणते की जिची चिठ्ठी निघाली तिला विचार, ती राजी असेल तर दोघींनी सगळ्यांसमोर अदलाबदल करा आणि वहीत लिहा.

व्यापाऱ्यांची लिलावाची भिशी या बाबतीत अगदी उलट बांधलेली आहे. वीस जण, पाच हजारांचा हप्ता, एक लाख जमले. ज्याला रक्कम हवी तो बोली लावतो, की मी वीस हजार सोडतो. तो ऐंशी हजार घेऊन जातो आणि सोडलेले वीस हजार वीस जणांत हजार-हजार वाटले जातात, म्हणजे त्या महिन्याचा हप्ता चारच हजार पडतो. इथे शेवटपर्यंत थांबणाऱ्याला मोबदला आहे, हिशेबाच्या दृष्टीनं हीच भिशी अधिक न्यायाची. पण जास्तीत जास्त रक्कम सोडायला तयार होणारा माणूस तोच, ज्याची दुसरीकडे पत संपलेली असते. बाजार मंदावला की एकदम चार-पाच जण अडचणीत येतात, बोल्या वाढतात, लवकर उचलणारे नंतर फोन उचलत नाहीत आणि गोडीनं व्याज खात बसलेले शेवटचे बुडतात. अर्थात लिलावाच्या भिश्या बायकाही चालवतात आणि चिठ्ठीच्या पुरुषही. फरक रक्कम कशासाठी हवी यातून पडतो. धंद्याला भांडवल हवं असेल तर वेळेची किंमत मोजावी लागते. घरात मिक्सर किंवा कानातलं घ्यायचं असेल तर या महिन्यात की पुढच्या, यानं फारसं बिघडत नाही.

मग ती शेवटची बाई चारशे रुपये सोडून भिशीत का बसते, याचं सर्वांत पटणारं उत्तर नैरोबीच्या किबेरा वस्तीतून आलं. तिथेही असेच गट गल्लोगल्ली चालतात. घानात त्याला सुसू म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत स्टॉकवेल, कॅमेरूनमध्ये तोंतीन, कोरियात क्ये. सिवान अँडरसन आणि ज्याँ-मारी बालां या दोन अर्थशास्त्रज्ञांनी किबेरातल्या गटांची पाहणी करून २००२ मध्ये निष्कर्ष छापले. सभासदांत ८४ टक्के बायका होत्या. त्यातही ठळकपणे पुढे होत्या त्या नवऱ्याबरोबर संसार करणाऱ्या आणि स्वतः काही कमावणाऱ्या. घरच्या मिळकतीत बाईचा वाटा अगदी कमी असेल तर ती गटात नसते, कारण हप्ता आणायचा कुठून. वाटा वाढत जातो तसं प्रमाण वाढतं. पण वाटा फारच मोठा झाला की प्रमाण पुन्हा घसरतं, कारण मग पैशाचं काय करायचं हे तिला घरातच ठरवता येतं. मधल्या बायकांची अडचण अशी की पैसा कमावता येतो, राखता येत नाही. घरात शिल्लक दिसली की ती मागितली जाते. तांदळाच्या डब्यात किंवा साडीच्या घडीत ठेवलेली नोट सापडते. भिशीत गेलेली नोट सापडत नाही, आणि ‘बारा जणींत तोंड दाखवायचंय’ हे कारण नवऱ्यापुढे चालतं. ते चारशे रुपये म्हणजे कुलपाचं भाडं.

हे एकदा ध्यानात आलं की ‘बायका किती छान एकत्र येतात’ हे वाक्य थोडं वेगळं ऐकू येतं. घरातल्या एका माणसाशी पैशावर एकमत होत नाही, म्हणून बाहेरच्या अकराजणींशी करावं लागतं. स्वभाव गोड असण्या-नसण्याशी याचा संबंध फार थोडा.

प्रयोगशाळेत काय दिसतं? सहकार्य मोजायचा नेहमीचा खेळ असा. चार अनोळखी माणसं, प्रत्येकाकडे २० नाणी. प्रत्येकानं गुपचूप ठरवायचं की सामाईक पेटीत किती टाकायची. पेटीतली रक्कम १.६ पट करून चौघांत सारखी वाटतात, कुणी किती टाकलं ते न पाहता. म्हणजे एक नाणं टाकलं की टाकणाऱ्याला त्यातलं ०.४ परत मिळतं. चौघांनी सगळी टाकली तर प्रत्येकाला ३२. तिघांनी टाकली आणि चौथ्यानं हात आखडला तर तिघांना २४ आणि चौथ्याला ४४. पहिल्या डावात माणसं साधारण निम्म्याच्या आसपास टाकतात. दहा डाव खेळवले की आकडा उतरत जातो, कारण टाकणाऱ्यांना चौथ्याचा राग येतो आणि राग काढायला हात आखडण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. मार्ग दिला, म्हणजे स्वतःचं एक नाणं खर्चून दुसऱ्याची तीन कापायची मुभा दिली, तर बऱ्याच ठिकाणी सहकार्य सावरतं. बऱ्याच, सगळ्या नाही. १६ शहरांत हाच खेळ खेळवलेला एक अभ्यास २००८ मध्ये आला. बॉस्टन आणि कोपनहेगनमध्ये दंड हात आखडणाऱ्याला बसत होता. अथेन्स आणि मस्कतमध्ये भरपूर टाकणाऱ्यालाही बसत होता. फार चांगुलपणा करणाऱ्याला खाली ओढायची हौस आपल्या सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांना अपरिचित नाही.

अशा खेळांत बाई आणि पुरुष यांच्यात फरक किती, याचा पन्नास वर्षांतल्या अभ्यासांतून २७२ निकाल गोळा करून घेतलेला आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण फरक जवळपास शून्य. आतमध्ये मात्र दोन बारीक गाठी आहेत. फक्त पुरुषांच्या गटांत सहकार्य फक्त बायकांच्या गटांपेक्षा किंचित जास्त दिसतं. आणि मिश्र गटांत बायका पुरुषांपेक्षा जास्त देतात. सुरुवातीच्या दोन्ही म्हणण्यांना अर्धा-अर्धा आधार मिळाला म्हणून खूश व्हायचं कारण नाही, कारण हे फरक इतके लहान आहेत की वाटेल तो एक पुरुष आणि वाटेल ती एक बाई घेऊन कोण जास्त देईल हे ओळखायला सांगितलं तर शंभरात पंचावन्न-छप्पन्न वेळा बरोबर येईल. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. मला यातली दुसरी गाठ जास्त बोलकी वाटते. तीच बाई, तोच खेळ, समोर पुरुष आले की जास्त देते. उपजत गुण असा समोरच्याकडे बघून कमीजास्त होत असेल तर त्याला अपेक्षा म्हणावं, सवय म्हणावं. उपजत म्हणू नये.

या अभ्यासांतले बरेचसे खेळगडी श्रीमंत देशांतले कॉलेजचे विद्यार्थी. ती उणीव भरून काढायला मानवशास्त्रज्ञांच्या एका गटानं १२ देशांतल्या १५ लहान समाजांत खेळ नेले आणि २००१ मध्ये पहिले निकाल मांडले. तिथला खेळ निराळा होता. एकाला दिवसा-दोन दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम द्यायची, त्यानं दुसऱ्याला त्यातला वाटा देऊ करायचा, दुसऱ्यानं नाकारला तर दोघांनाही काही नाही. पेरूच्या जंगलातले माचिगेंगा सरासरी चौथ्या हिश्श्याच्या आसपास देऊ करत आणि घेणारा तेवढ्यावर खूश असे. इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे देवमासा मारणारे अर्ध्याहून जास्त देत. पापुआ न्यू गिनीतले आऊ आणि ग्नाऊ लोक तर निम्म्याहून मोठा वाटाही नाकारत, कारण तिथे न मागता मिळालेली भेट म्हणजे डोक्यावर बसलेलं ऋण. माणूस बाई की पुरुष, तरुण की म्हातारा, गरीब की सधन यावरून त्याचं वागणं ओळखता येत नव्हतं. ओळखता येत होतं ते दोन गोष्टींवरून. पोट भरायला परक्यांची मदत किती लागते आणि बाजारात किती वावर आहे. माचिगेंगा कुटुंब आपलं आपण पिकवतं नि खातं. लामालेरात एका होडीवर दहा-बारा जण लागतात, आणि माशाचा कुठला भाग भाला मारणाऱ्याचा, कुठला होडी बांधणाऱ्याचा, कुठला वल्ही मारणाऱ्यांचा हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे.

बाई-पुरुष फरक समाज बदलला की उलटतो, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण चेंडूचं. उरी ग्नीझी, केनेथ लेनर्ड आणि जॉन लिस्ट यांनी टांझानियातल्या मासाईंमध्ये आणि मेघालयातल्या खासींमध्ये एक सोपा खेळ नेला. निकाल २००९ मध्ये आले. तीन मीटरवर बादली, हातात टेनिसचा चेंडू, खालून फेकायचा, दहा संधी. आधी एवढंच ठरवायचं की प्रत्येक यशस्वी फेकीला ठरलेला दर घ्यायचा, की न दिसणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्याशी स्पर्धा लावायची. जिंकलात तर दर तिप्पट, हरलात तर काही नाही. मासाई पुरुषांपैकी ५० टक्क्यांनी स्पर्धा निवडली, बायकांपैकी २६ टक्क्यांनी. खासींमध्ये बायका ५४ टक्के, पुरुष ३९ टक्के. मासाईंकडे गुरं पुरुषाची आणि बायको किती हे गुरांवर. खासींकडे कूळ आईचं, घर धाकट्या लेकीकडे जातं, नवरा तिच्या घरी राहायला येतो, शिलाँगच्या इयूदू बाजारात बहुतेक गाळ्यांवर बायका बसलेल्या असतात.

निकाल सुंदर आहे आणि म्हणूनच जपून वापरावा. स्पर्धा न लावणं म्हणजे सहकार्य नव्हे, हे एक. दोन समाजांत कूळ कुणाकडून हा एकच फरक नसतो, शेतीवाडी, शाळा, रस्ते, धर्म सगळंच वेगळं असतं, हे दुसरं. आणि खासी समाजाला ‘बायकांचं राज्य’ म्हणणाऱ्यांनी तिथल्या गावदरबाराची परंपरा पाहावी. दरबारात बसायचं ते पुरुषांनी, बाईनं नाही. मालमत्ता तिच्या नावे, ठराव त्याच्या. मामाचा शब्द घरात चालतो तो वेगळाच. म्हणजे पैसा आणि निर्णय या दोन चाव्या एकाच समाजात दोन वेगळ्या कमरेला असू शकतात, आणि सहकार्याबद्दल बोलताना कुठली चावी कुणाकडे हे दरवेळी विचारावं लागतं.

गावात असे खेळ घेताना काय बिघडतं हेही माहीत असावं. सकाळची तुकडी दुपारच्या तुकडीला उत्तरं सांगते, म्हणून एका गावचं काम एका दिवसात आटपावं लागतं. रक्कम फार मोठी ठेवली तर माणसं देवळात आल्यासारखी वागतात, फार लहान ठेवली तर थट्टेवारी नेतात. नियम समजले का हे आकडे देऊन प्रत्येकाला विचारून घ्यावं लागतं, नुसत्या मान डोलावण्यावर जाता येत नाही. आणि पैसे एकेकाला आडोशाला द्यावे लागतात. चारचौघांत दिले तर बाईला किती मिळाले हे ती घरी पोचायच्या आत घरी पोचलेलं असतं, मग पुढची बाई खेळताना नवऱ्याच्या वतीनं खेळते.

पण खेळ सोडून खऱ्या सामाईक पेटीकडे जाऊ, म्हणजे जंगलाकडे. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या १३५ वनरक्षण गटांचा अभ्यास केला. अशा गटाची सुरुवात ठरलेली असते. जंगल उजाड झालेलं, गावातले कर्ते पुरुष एकत्र येतात, समिती होते, पहारा लागतो, आणि पहिला ठराव होतो तो जंगल पाच वर्षं बंद. ठराव करणाऱ्यांना जंगलातून हवं असतं ते घराला वासा, नांगराला लाकूड, म्हणजे वर्षा-दोन वर्षांतून एकदा. चुलीला सरपण रोज लागतं आणि ते आणते बाई. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे तीन वाटा असतात. पलीकडच्या गावच्या जंगलात जाऊन तिथल्यांशी भांडण घेणं, शेण आणि तुराट्या जाळून धुरात बसणं, किंवा पहाटे अंधारात आपल्याच जंगलात चोरून शिरणं. पुरुष पहारेकऱ्याला ती सापडली तरी तो कचरतो. हात धरला तर उद्या आपल्यावरच आळ येईल ही भीती. मग समितीच्या वहीत ‘बायका नियम पाळत नाहीत’ अशी नोंद होते. ‘बायका जात्याच मिळूनमिसळून’वाल्यांना ही वही दाखवायला हवी.

ओडिशात काही गावं पाळीनं पहारा करतात. त्याला ठेंगापाळी म्हणतात. ज्याच्या दारात काठी ठेवलेली असेल त्या घरानं त्या दिवशी जंगलात जायचं, संध्याकाळी काठी शेजारच्या दारात. यादी नको, शिपाई नको. काठी आपल्या दारात पडून राहिली तर सगळ्या गल्लीला दिसते. पण काठी येते ती घराला, आणि घर म्हणजे सहसा घरातला पुरुष. जंगलात कुठं काय तुटलंय हे सरपणाला जाणाऱ्या बाईला त्याच्याआधी कळलेलं असतं, तिला विचारतं कोण?

समितीत बायका आल्या की काय बदलतं? अग्रवाल यांच्या अभ्यासात जिथे बायकांचं प्रमाण जास्त होतं तिथे जंगलाची अवस्था सुधारलेली आढळली. नेपाळमध्ये फक्त बायकांच्या समित्यांना तर आधीच लहान आणि जास्त झिजलेले तुकडे मिळाले होते, तरीही. त्यामागे जादू नाही. बाई समितीत असली की नियम करतानाच प्रश्न निघतो की मग चूल कशावर पेटायची, आणि ‘पूर्ण बंद’च्या जागी ‘वाळलेलं पडलेलं लाकूड, ठरलेल्या दिवशी, डोक्यावर येईल तेवढं’ असा पाळता येण्याजोगा नियम होतो. शिवाय तो नियम पाणवठ्यावर तोंडी पोचतो, नोटीस बोर्डावर चिकटून राहत नाही. आणि बायांनी बाईला हटकलं तर आळाचा प्रश्न येत नाही. अग्रवाल यांनी आणखी एक पाहिलं, की एक-दोन बायका असल्या तर त्या बोलत नाहीत. हजेरी, बोलणं, पदं घेणं हे खरोखर बदलायला समितीत त्यांचं प्रमाण चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लागतं.

बायकांनी स्वतःच नियम केले तर ते किती कडक असू शकतात, हे कोरियाच्या जेजू बेटावर दिसतं. तिथल्या हेन्यो, म्हणजे समुद्रात बुडी मारणाऱ्या बायका, हवेचं नळकांडं न लावता दहा-दहा मीटर खाली जाऊन शंख-शिंपले, समुद्री शेवाळ काढतात. एका बुडीला मिनिटभर श्वास रोखायचा, दिवसाला सात तासांपर्यंत काम, वर्षातून नव्वदएक दिवस. यंत्र घेऊन बुडी मारली तर दहा जणींचं काम एक करेल आणि दोन वर्षांत तळ मोकळा होईल, म्हणून हवेच्या नळकांड्याला मज्जाव. कुठल्या महिन्यात काय काढायचं नाही हेही ठरलेलं. कसबानुसार तीन पायऱ्या आहेत, हागुन, जुंगुन, सांगुन. किनाऱ्यावर दगडी आडोशात शेकोटी असते, तिथे कुणी कुठं बसायचं हे पायरीवरून ठरतं आणि वाद तिथेच मिटवतात. किनाऱ्याजवळचा उथळ भाग म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवायची रीत आहे, तरण्या बाईनं तिथे बुडी मारायची नाही. एकटीनं समुद्रात जायचं नाही, कारण श्वास चुकला तर खेचून काढायला कुणी हवं. युनेस्कोनं २०१६ मध्ये हा वारसा यादीत घेतला. यात मवाळपणा कुठेच नाही. उतरंड आहे, मज्जाव आहे, शिस्त आहे. लामालेराच्या पुरुषांच्या होडीतही तेच आहे. समुद्र दोघांकडूनही एकच मागतो.

आता आपला सहकार. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचा अभिमान आपण सांगतो तो प्रवरानगरचा, १९५० सालचा. त्या आणि नंतरच्या सगळ्या कारखान्यांचं सभासदत्व ऊस पिकवणाऱ्याला, आणि ऊस पिकवणारा म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला. खुरपणीला वाकणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून शेअर नाही, म्हणून मत नाही, म्हणून संचालक मंडळात नाही. दूध संस्थेतही तसंच. वैरण आणणं, शेण काढणं, धार काढणं तिचं. डेअरीच्या पुस्तकावर नाव आणि दहा दिवसांचं बिल त्याचं. मग फॅट का लागत नाही म्हणून बोलणी तिला बसतात, पेंड आणायची की नाही हे मात्र तो ठरवतो. दूध वाढवायचं असेल तर पुस्तक कुणाच्या नावावर आहे हे आधी पाहावं, पेंडीचं नंतर बघू.

याला बगल दिली ती लिज्जतनं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि पुढे नियम केला की सभासद फक्त बाई. पुरुष पगारावर कामाला राहू शकतो, मालक होऊ शकत नाही. लाटणं घरी, एकेकटीनं. सामाईक आहे ते पीठ आणि नाव. म्हणून मळलेलं पीठ केंद्रावरून मोजून द्यायचं आणि लाटलेले, वाळलेले पापड केंद्रावर वजन करून, तपासून घ्यायचे. एकीनं जाड लाटला किंवा नीट वाळवला नाही तर पुडा सगळ्यांचा खराब होतो, म्हणून परत करणारी बाई ओळखीची असली तरी परत करतेच.

बचत गटांचं गणित थोडं गुंतागुंतीचं. नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ मध्ये पाचशे गटांपासून बँक जोडणी, म्हणजे गटांना बँकेचं कर्ज मिळवून देणं, सुरू केली. गटात दहा ते वीस सभासद. नियमित बैठक, नियमित बचत, आपापसात कर्ज, वेळेवर परतफेड, चोख वही, ही पंचसूत्री आज गावोगावी पाठ आहे. ‘बायका कर्ज बुडवत नाहीत’ हे वाक्य तिथूनच आलं. त्यात तथ्य आहे, पण कारण पाहा. वसुलीला आलेल्याला बाई घरी सापडते, तिला गाव सोडून जाता येत नाही, आणि नऊ जणी तिच्या दारात येऊन बसल्या की ती मान वर करू शकत नाही. बांगलादेशातल्या कर्जांवर ॲन मारी गोएट्झ आणि रीना सेनगुप्ता यांनी १९९६ मध्ये दाखवलं की बायकांच्या नावावरच्या कर्जांपैकी मोठ्या हिश्श्यावर प्रत्यक्ष ताबा घरातल्या पुरुषांचा होता. रिक्षा त्याची, हप्ता तिचा. आपल्याकडचे गट चालवणाऱ्या कुठल्याही ताईला विचारा, ती नावं न घेता चार उदाहरणं सांगेल. मेळाव्यात टाळ्या मिळवणारी परतफेडीची टक्केवारी त्या नऊ जणींच्या दबावाची असते, आणि आत रिक्षावाल्याचं कर्जही मोजलेलं असतं.

९७व्या घटनादुरुस्तीनं सहकारी संस्थांच्या संचालक मंडळाला जास्तीत जास्त २१ ची मर्यादा घातली आणि त्यात बायकांसाठी दोन जागा ठेवल्या. ती दुरुस्ती राज्यांतल्या संस्थांपुरती सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये रद्द केली, तोवर राज्याच्या सहकार कायद्यात दोन जागांची तरतूद येऊन बसली होती. २१ पैकी दोन म्हणजे दहा टक्क्यांहून कमी. अग्रवाल यांना बोलती समिती दिसली ती चौथाईच्या पुढे, म्हणजे २१ च्या मंडळात किमान सहा. बैठक संध्याकाळी सात वाजता, स्वयंपाकाच्या वेळी, तालुक्याच्या गावी ठेवली तर सहा जागा असूनही खुर्च्या दोनच भरतात, आणि सहीची वही दुसऱ्या दिवशी घरपोच येते. ती घेऊन येणाऱ्या शिपायाला चहा मिळतो, तेवढी तिची बैठक.